सासूबाईंसोबत सहमला, स्केटबोर्ड घेऊन

सहमला जायचंय म्हटल्यावर प्रत्येकाने आधी हेच विचारलं, "तिथे कोण आहे तुमचं?" कोणी नाही म्हटलं की लगेच, "मग तिथे आहे काय?"

मस्कतचे लोक निझव्याचा किल्ला बघायला जातात, सूरला कासवं बघायला जातात, पावसाच्या दिवसांत सलालाला जातात. सहम हे ओमानच्या किनाऱ्यावरचं साधं गाव, तिथे माणूस कामाला जातो. हायवेच्या कडेने दुकानं, आत लिंबाच्या आणि खजुराच्या बागा, मासळी बाजार आणि समुद्र. एवढंच. मला तिथल्या एका रिकाम्या इमारतीच्या पायऱ्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या गुळगुळीत काँक्रीटवर स्केटबोर्ड चालवायचा होता. हे मी लपवत नव्हते. सरळ सांगत होते. लोकांना वाटायचं, थट्टा करतेय. मी सदतीस वर्षांची होते, एका मुलीची आई होते आणि मस्कतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दरवर्षी लेझीम खेळायचे. अशा बाईने फळीवर उभं राहून रस्त्यात फिरायचं, हे कोणाच्या डोक्यात बसत नव्हतं.

आम्ही तेव्हा मस्कतच्या कडेला, माबेलाला राहत होतो. दोन हजार पंधरा-सोळाच्या सुमारास तिकडे नव्या इमारती भराभर उठत होत्या आणि भाडं परवडायचं म्हणून आमच्यासारखे सगळे तिकडे सरकत होते. नवरा पंपांच्या कंपनीत होता. तो पहाटे गाडी घेऊन गेला की मी दिवसभर पायी. आणि माबेलात पायी म्हणजे कुठेच नाही. लायसन्ससाठी मी खूप खटपट केली. मांडलेल्या ड्रमच्या मधून गाडी मागे घेणं जमलं, चढावरची टेस्ट जमली, पण रस्त्यावरच्या टेस्टला दर वेळी नापास. शेवटी घरात सगळ्यांनी माझ्या लायसन्सचा विषय काढणंच सोडलं.

स्केटबोर्ड आला तो शेजारच्या व्हिलातून. तिथलं गोरं कुटुंब देश सोडून निघालं होतं आणि फाटकाबाहेर सगळं सामान विकायला मांडलं होतं. मी मुलीसाठी म्हणून बोर्ड घेतला. तिने दोनदा पाय ठेवला आणि कोपऱ्यात टाकून दिला. मग मी त्याच्यावर पाण्याचे मोठे कॅन ठेवून गेटपासून लिफ्टपर्यंत ढकलत आणू लागले. एका दुपारी कॅन वर पोचवला, बोर्ड घ्यायला खाली आले आणि सहज त्याच्यावर उभी राहिले. दुसऱ्या पायाने जमीन ढकलली. बोर्ड पुढे गेला, मी मागे पडले. माकडहाड आठवडाभर दुखलं.

पण त्या एका ढकलण्यात मी चारपाच हात पुढे गेले होते, आणि मला कोणी सोडायला आलं नव्हतं.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी इमारतीमागच्या पार्किंगमध्ये ओढणी कमरेला बांधून शिकत राहिले. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, तो थांबवायचा, करून बघायचं, पडायचं. वळायला शिकले. फुटपाथवरून बोर्डासकट खाली उतरायला शिकले. मग उडी शिकले. मागच्या टोकावर पाय आपटायचा, बोर्ड वर येतो, पुढच्या पायाने त्याला ओढून घ्यायचं आणि दोन्ही पायांनी पुन्हा त्याच्यावरच उतरायचं. सांगायला सोपं आहे. मला ती उडी यायला आठ महिने लागले. बायका गॅलरीतून बघायच्या. मुलगी म्हणायची, "मम्मा, स्कूल बसच्या टायमाला नको ना प्लीज. सगळे लोक बघतो." मी बसची वेळ सोडून खेळायचे. तिचं तेवढं ऐकलं. बाकी कोणाचं ऐकायचं नाही, असं माझ्यापुरतं ठरवलं होतं.

सहम मी पाहिलं ते नवऱ्यासोबत. एका शुक्रवारी त्याला तिथे पंपाचे सुटे भाग पोचवायचे होते. तो गिऱ्हाइकाशी बोलत उभा राहिला आणि मी चालत चालत किनाऱ्याकडे गेले. तिथे दुकानांसाठी बांधलेली एक लांबलचक इमारत होती. बांधून पूर्ण झालेली, पण एकही दुकान उघडलेलं नाही. समोर प्रशस्त, गुळगुळीत ओटा, गुडघ्याएवढी भिंत, हातगाड्यांसाठी उतार आणि तीन रुंद पायऱ्या. आमच्या माबेलात सगळीकडे इंटरलॉकच्या विटा आणि धूळ, चाकं खडखडत जायची. मी त्या ओट्यावर तळहात फिरवून बघितला. मला शोधत आलेल्या नवऱ्याने लांबून विचारलं, "काय सांडलं का?"

वर्षभर ते डोक्यात राहिलं. नोव्हेंबरात जोडून सुट्टी आली तेव्हा मी जेवताना म्हटलं, "मला दोन दिवस सहमला जायचंय. बसने जाईन, स्वस्तातली खोली बघेन. बोर्ड घेऊन जातेय."

नवरा हसला. मी हसत नाही हे बघून थांबला.

"एकटी?"

"हो."

"लोक काय म्हणतील याचा विचार केलास?"

"केला."

"मला मंडळात तोंड दाखवायचं असतं."

"दाखवा की. तुम्ही कुठे बोर्डावरून पडताय?"

बराच वाद झाला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आईला घेऊन जा. ती येत असेल तर खुशाल जा." एवढं बोलून त्याने आमटी वाढून घेतली. विषय संपला, असं त्याला वाटलं.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. सासरे लवकर गेले. त्यांनी गावात एकटीने तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आणि मुलांना वाढवलं. गिरणीच्या आवाजाने कान अधू झाले होते, आणि हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. माझ्या बोर्डाचं त्यांना कौतुक अजिबात नव्हतं. "हाडं मोडून घेशील नि मग मलाच भांडी घासायला लागतील," असं त्या रोज म्हणायच्या. पण लेकाचं बोलणं ऐकून त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"मी काय कुंपण आहे होय रे, हिच्याभोवती घालायला?"

नवरा म्हणाला, "तसं नाही आई, तू तिथे काय करणार?"

"ते मी बघेन," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "बस कितीची आहे गो?"

सकाळी आम्ही निघालो. मुलीला मैत्रिणीकडे सोडलं. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी. बाहेर खायचं नाही, हे सासूबाईंनीच जाहीर केलं होतं. बस बरका, सुवैक, खाबुरा करत निघाली. बोर्ड माझ्या मांडीवर. पलीकडच्या सीटवरच्या पंजाबी माणसाने विचारलं, "ये क्या है जी?" मी उत्तर देण्याआधी सासूबाई सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनेची गाडी."

नवऱ्याने आम्हाला न विचारता सहममधल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला होता. आमच्याच तालुक्यातला, बरीच वर्षं तिथे एका बांधकाम सामानाच्या दुकानात सुपरवायझर. तो पिकअप घेऊन हायवेवर उभाच होता. घरी त्याच्या बायकोने पोहे केले होते. माणसं चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पोहे खाता खाता त्याने विचारलं, "हे खेळणं मुलीसाठी नेताय वाटतं?"

"माझं आहे," मी म्हटलं. तो कसनुसा हसला.

दुपार कलल्यावर मी आणि सासूबाई त्या इमारतीकडे गेलो. ती अजून तशीच होती, बंद. मी बूट घट्ट बांधले आणि ओट्यावर बोर्ड सोडला. आवाजच आला नाही! माबेलात जो खडखडाट असायचा तो नाहीच, नुसता एक लांब सुस्कारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. उतारावरून खाली सुटले. ओढणी फडफडायला लागली म्हणून काढून सासूबाईंच्या मांडीवर टाकली. त्या भिंतीवर पाय हलवत बसल्या होत्या.

तेवढ्यात वॉचमन आला. "मदाम, इधर मना है."

सासूबाईंनी मराठीतच विचारलं, "कुठं लिहिलंय?"

त्याला शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. त्याने भिंतीकडे, खांबांकडे बघितलं. कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. "अर्बाब को बोलेगा," म्हणाला आणि फोन लावत लांब गेला. अर्बाबने, म्हणजे मालकाने, फोन उचलला नसावा, कारण तो बराच वेळ फोन कानाला लावून नुसता फिरत राहिला. तोपर्यंत मी त्या तीन पायऱ्यांवरून उडी मारायचा प्रयत्न सुरू केला होता. पहिल्यांदा बोर्ड खाली गेला आणि मी वरच राहिले. नंतर मी खाली आणि बोर्ड वर. मग दोघंही खाली, पण वेगवेगळ्या दिशांना. कोपर सोललं. सलवार गुडघ्यावर फाटली. रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या, एकाने मोबाइल काढून शूटिंग केलं. करू दे म्हटलं.

अंधार पडायच्या आत त्या सुपरवायझरच्या घरी परतलो, तर तो व्हिडिओ आमच्या आधी पोचला होता. ते स्वतः सोफ्यावर मोबाइल घेऊन बसले होते.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले, "पण इथे आपली माणसं मोजकी. सगळे मला ओळखतात. उद्या दुकानात लोक विचारतील, तुमच्याकडची बाई रस्त्यात लोळत होती म्हणून. उद्या हे नको. मी तुम्हाला बागा दाखवतो, किल्ला दाखवतो."

"भाऊ, मी बागा बघायला आले नाही."

"मग माझ्या घरातून जाऊन ते करू नका."

मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. पदर खोचला. "खरं आहे त्यांचं. घर त्यांचं आहे. चल गो, पिशवी घे."

ते एकदम गडबडले. असं नव्हतं म्हणायचं, जेवून तरी जा, मी सोडतो. आम्ही जेवलो नाही आणि गाडीतही बसलो नाही. त्यांची बायको गेटपर्यंत आली. नवरा ऐकत नाही ना, हे मागे वळून बघितलं आणि हळूच मला विचारलं, "पडल्यावर फार लागतं का हो?"

"लागतं," मी म्हटलं. "पण वाटतं तेवढं नाही."

तिने मान हलवली आणि आत गेली.

मेन रोडवर दुकानांच्या वर भाड्याच्या खोल्या होत्या. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट बघितले, माझं सोललेलं कोपर बघितलं आणि विचारलं, "हस्बंड किधर है?"

"मस्कत."

"हस्बंड के बिना लेडीज को रूम नहीं देता, मॅडम."

सासूबाईंनी आपला पासपोर्ट काउंटरवर पुन्हा एकदा पुढे सरकवला. "हस्बंड का आई है ना मैं! हस्बंड से मोठा है."

तो हसायला लागला. खोली मिळाली. खोलीला एकच खिडकी, ती एसीच्या डब्याकडे उघडणारी. आम्ही दशम्या सोडल्या तोच नवऱ्याचा फोन. व्हिडिओ त्यालाही गेला होता.

"काय चाललंय तुझं? लोकांच्या घरातून निघून जाता? खलास, पुरे झालं. उद्या सकाळी मी न्यायला येतोय."

"या," मी म्हटलं. "पण मी संध्याकाळच्या बसनेच येणार आहे."

"आईला दे."

मी फोन दिला. सासूबाईंनी तो कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं, मग मोठ्याने म्हणाल्या, "मला काही ऐकू येत नाही बाबा," आणि फोन बंद केला. त्यांना अगदी व्यवस्थित ऐकू आलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लहानपणापासून हा असाच. गिरणी घेतली तेव्हाही दोन दिवस जेवला नव्हता. पोरं चिडवतात म्हणाला, आई पीठ दळते म्हणून." आणि चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना घेऊन आधी किनाऱ्यावर गेले. होड्या ओढून वर घेतलेल्या, जाळी पसरलेली. काँक्रीट छान होतं, पण वाळू चाकांत शिरायला लागली म्हणून परत इमारतीकडे आले. वॉचमन होताच. आज तो हात आडवा करून पायऱ्यांवरच उभा राहिला. मी बाजूच्या उतारावरून फेऱ्या मारत राहिले. तेवढ्यात एक गाडी थांबली. अबाया घातलेली एक ओमानी बाई उतरली, मागे दोन मुली. आधी लांबून बघत होती, मग जवळ आली.

"मुंबई?" तिने विचारलं.

"मुंबई के पास."

"ये मुश्किल?" बोर्डाकडे बोट.

"मुश्किल."

"तुम गिरता?"

मी कोपर दाखवलं. ती जोरात हसली. मग वॉचमनकडे वळून तिने अरबीत काहीतरी झपाट्याने सुनावलं. काय ते मला आजपर्यंत माहीत नाही. तो पायऱ्यांवरून उतरला आणि लांब जाऊन सावलीत बसला. बाई मला म्हणाली, "यल्ला!" म्हणजे चल, होऊन जाऊ दे, आणि मुलींना घेऊन सासूबाईंच्या शेजारी भिंतीवर बसली. सासूबाईंनी त्यांना केळी दिली.

मी दोनदा पडले. तिसऱ्यांदा वर चढत होते तेव्हा आमची गाडी आली.

नवरा उतरला. आईला बघितलं, त्या अनोळखी बाईला बघितलं, मला बघितलं. "चल."

"माझं झालं नाही अजून."

"काय झालं नाही? नेमकं करायचंय काय तुला इथे?"

"या पायऱ्यांवरून खाली उतरायचंय. बोर्डावरून."

त्याने पायऱ्या बघितल्या. तीनच होत्या, आणि कोणीही चालत उतरेल अशा. "एवढ्यासाठी?"

"हो. एवढ्यासाठी."

त्याने वाकून बोर्ड उचलला, गाडीकडे गेला आणि डिकी उघडली. मी मागे धावले आणि बोर्डाचं दुसरं टोक धरलं. त्याने ओढलं, मीही ओढलं. दोन संसारी माणसं सहमच्या भर रस्त्यात एक फळी ओढत होती. तेव्हा मला हसू नाही आलं. सोळा वर्षं मी त्या माणसाला घरात हळू आवाजात पटवत आले होते, दारं लावून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही असं.

"सोडा!" मी ओरडले. रस्त्यापलीकडच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "सोडा म्हणते ना!"

त्याने सोडला. रागाने नाही, चकित होऊन. माझा तो आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला.

मी वर गेले. ओट्याच्या टोकापासून जोरात पाय मारत आले. कडेला पोचल्यावर मागचा पाय आपटला. पायाखाली काही नव्हतं, आणि मग पुन्हा होतं. चारही चाकं खाली टेकली. मी बोर्डावर होते. खाली, पायऱ्यांच्या खाली, उभी, आणि पुढे चालले होते. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या क्षणी चाक फरशीच्या सांध्यात अडकलं आणि मी हातावर आपटले.

नंतर ही गोष्ट सांगताना सगळे म्हणतात, ती पडली. मी उतरले होते. पडले ते नंतर.

मनगटाच्या हाडाला बारीक भेग गेली होती. नवऱ्यानेच दवाखान्यात नेलं, आणि नर्सने हात धरला तेव्हा तो तोंड फिरवून उभा राहिला. प्लास्टर घालून बाहेर आल्यावर म्हणाला, "आता तरी बस गाडीत."

"मी बसने येणार म्हटलं होतं."

त्याने आईकडे बघितलं. सासूबाई सरळ गाडीचं दार उघडून आत बसल्या. "माझे गुडघे गेले आता," म्हणाल्या. "मी गाडीने जाते. तुझं तू बघ."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या शेवटपर्यंत सोबत येतील असं मी धरून चालले होते. पण गाडी गेली आणि मी हायवेवर टॅक्सीवाल्यांमध्ये एकटी उभी राहिले, एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या काखेत बोर्ड, तेव्हा लक्षात आलं की मुळात मला असंच यायचं होतं. बस आली. ड्रायव्हरने बोर्ड ठेवायला पुढची सीट दिली. हात ठणकत होता. मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि घरी गेल्यावर काय बोलायचं याची तयारी एकदाही केली नाही.

घरी बरेच दिवस अबोला होता. भाजी काय, गॅस संपला, एवढंच. मंडळातून एक बाई घरी आल्या. चहा घेऊन म्हणाल्या, "आमचं काही नाही हो, पण आपल्या मुली बघतात. त्यांच्यावर काय परिणाम होईल?"

"व्हावा," मी म्हटलं.

त्यांनी कप अर्धा तसाच ठेवला. त्या वर्षी दिवाळीचा कार्यक्रम डिसेंबरात झाला, तेव्हा लेझमीत मला घेतलं नाही. हाताला प्लास्टर आहे म्हणून, असं कारण दिलं. पुढच्या वर्षी प्लास्टर नव्हतं तरी घेतलं नाही. सासूबाई गावी परत गेल्या. विमानतळावर त्यांनी माझं मनगट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "भांडी मीच घासली शेवटी."

नवरा हळूहळू बोलायला लागला. त्याने मला कधी "जा" म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. हात बरा झाल्यावर मी फ्रिजवर चिठ्ठी लावली की शनिवारी निझव्याला जातेय, आमटी फ्रिजमध्ये आहे, आणि बस पकडली. निझव्यात मला सकाळीच दोन ठिकाणांहून हाकललं. तिसऱ्या ठिकाणी संध्याकाळपर्यंत खेळले.